पूल गाड्यांनी खचतात की पाण्यानं?

वर्धाकाठ:
परवा इथे एक पोस्ट फिरली. "हायवेवर गाड्या बेसुमार वाढल्या म्हणून पूल खिळखिळे झाले, जड वाहतूक बंद करा." खाली लाइकच्या अंगठ्यांचा पाऊस. डोकं फिरलं म्हणून सविस्तर लिहितोय.

नुसत्या गाड्या मोजून पुलाची तब्येत कळत नाही. दुचाक्या आणि कार दिवसभर धावल्या तरी गर्डरला, म्हणजे पूल पेलणाऱ्या तुळईला, पत्ताही लागत नाही. मार बसतो एक्सलच्या (चाकांच्या आसाच्या) वजनाचा, आणि तो वाढवतो फुटका जॉइंट, म्हणजे पुलाच्या दोन तुकड्यांमधला सांधा. आमच्याकडच्या जुन्या पुलाखाली उतरून बघा. जॉइंटची रबरी पट्टी केव्हाच निघाली. भरलेला ट्रक गेला की वर धडाड आवाज आणि खाली चुऱ्याचा शिडकावा. पिलरच्या डोक्यावर पांढरे ओघळ, बेअरिंगशेजारी (गर्डर टेकतो त्या गादीशेजारी) पिंपळाचं रोप चांगलं हातभर. पावसाचं पाणी थेट गर्डरच्या टोकावर. सळया गंजतात, फुगतात, काँक्रीट फोडतात. त्यात दर दोन-तीन वर्षांनी डांबराचा नवा थर, जुना न खरवडता. ते वजन पुलाच्या डोक्यावर कायमचं, त्यासाठी ट्रकही लागत नाही!

टिप्परमालक:
वा राजेहो, म्हणजे शेवटी मार आमच्या एक्सलचाच! 2018 मंदी सरकारनंच एक्सलचं वजन वाढवून देल्लं. चार चाकाच्या एक्सलले 10.2 टन होते, ते 11.5 झाले. मोठ्या गाडीले 55 टन पास हाय. कागद पक्के, टॅक्स भरतो, मंग आमालेच काऊन बोलता? नवे पूल तं 100 टनाची चाकाची गाडी धरून डिझाइन करतात म्हणे.

निवृत्त सुपरवायझर:
करतात, पण दोन गाड्यांमध्ये 30 मीटर अंतर धरून. फाटकाजवळ कोळशाच्या गाड्या एकीच्या शेपटीला दुसरी लागून उभ्या असतात, ते डिझाइनवाल्याला विचारून नव्हे. 10.2 चे 11.5 हा आकडा छोटा दिसतो. रस्त्याच्या नुकसानीला साधारण चौथ्या घाताचा नियम लावतात (वजन दुप्पट तर झीज सोळापट), म्हणजे इथे झीज दीडपटीहून जास्त. आणि हे कागदावरच्या वजनाचं. धर्मकाट्यावर काय निघतं ते तुम्हीच सांगा.

वर्धाकाठ:
चौथा घात डांबरी रस्त्याला, साहेब. पुलाला तसाच्या तसा लावू नका. लोखंडी पुलाच्या जोडांना थकवा येतो, तिथे साधारण ताणाचा तिसरा घात धरतात. सिमेंटच्या पुलाला त्याआधी पाणीच खातं.

निवृत्त सुपरवायझर:
तिसरा की चौथा, यात पूल उभा राहणार असेल तर तुमचं खरं.

कास्तकार_यवतमाळ:
तुमचं घाताचं गणित चालू द्या. पूल पडते रेतीनं! नदीतली रेती उपसून उपसून पिलरचा पाया उघडा पडला. आमच्या पुलाखाली पहिले पोरं रेतीवर गिल्ली-दांडू खेळत, आता तिथं माणूसभर डोह हाय. पूर आला की पाण्याचा भोवरा पायाशी फिरते, बाकीची मातीही नेते. 2016 मधी महाडले सावित्रीवरचा पूल गेला तो पुरातच ना?

टिप्परमालक:
घ्या, आता रेतीही आमच्याच माथी. रेतीघाटाचा लिलाव होत नाही, घरकुलवाल्याले रेती पाह्यजे, मंग रातच्याले कोण आणणार? तुमच्या घराचा स्लॅब काय गव्हावर टाकला?

कास्तकार_यवतमाळ:
माह्या स्लॅबची रॉयल्टी पावती हाय. तुमची दाखवा.

टिप्परमालक:
पावती दाखवली तरी तलाठ्यापासून वरपर्यंत सारे हात पुढं करून उभेच राह्यतात. हे काऊन लिहित नाही कोणी?

अकोटचा:
पावत्या नंतर काढा, पूल बंद झाल्यावर काय होते ते आम्हाले इचारा. 2022 मधी गांधीग्रामजवळ पूर्णेवरच्या ब्रिटिशकालीन पुलाले तडे गेले, अकोला-अकोट वाहतूक बंद. माह्या बहिणीचं बाळंतपण त्याच दिवसांत. एसटीचा फेरा, प्रायव्हेट गाडीचं भाडं, वरून दवाखाना म्हणते उशीर झाला. जड वाहतूक बंद करा म्हणणाऱ्यानं एक आठवडा असं राहून पाहावं.

वर्धाकाठ:
हेच तर म्हणतोय! वाहतूक बंद करणं हा इलाज नाही. गुजरातेत महिसागर नदीवरचा गंभीरा पूल जुलै 2025 मध्ये कोसळला. 1985 साली सुरू झालेला, म्हणजे जेमतेम चाळिशीचा. प्राथमिक चौकशीत पेडेस्टल (खांबावरचा टेकू) आणि जोडाचा भाग चिरडला गेल्याचं सांगितलं गेलं. जोडाचा! रबरी पट्टी, बेअरिंग, पाणी काढायचे पाइप ही कामं पुलाच्या किमतीपुढे किरकोळ, पण फीत कापायला कोणी येत नाही म्हणून होत नाहीत.

निवृत्त सुपरवायझर:
तपासणीचे कागद भरतात हो. मी स्वतः पाहिलेत, गाडीतून न उतरता भरलेले. दुर्बीणही नव्हती. बेअरिंगच्या रकान्यात "समाधानकारक".

टिप्परमालक:
मंग आता समजलं. ओव्हरलोड आम्ही, झोपा काढणारे तुम्ही. चाला, अर्धं-अर्धं वाटून घेऊ. मी दोन टन कमी भरतो, तुम्ही पट्टी बदलून द्या.

कास्तकार_यवतमाळ:
आणि रेती?

टिप्परमालक:
रेतीचं वेगळं बोलू.

वर्धाकाठ:
दोन टन कमी भरून काट्याची चिठ्ठी इथे टाका, पट्टीसाठी निवेदन मी लिहितो. सह्या कोण देतंय?

निवृत्त सुपरवायझर:
माझी पेन्शन सुरू आहे, माझं नाव नको.