जुन्या .२२३ रायफलीतून गोळी आडवी जातेय, कोणती घेऊ?

माळरान_टेक्सास
नमस्कार मंडळी. सॅन अँटोनिओच्या पश्चिमेला मित्राचं रान आहे, तिथे डुकरांनी उच्छाद मांडलाय. त्यासाठी एक जुनी बोल्ट अ‍ॅक्शन (दर गोळीला हाताने खटका ओढायची) रायफल घेतली, .२२३ रेमिंग्टन काडतुसाची. नळीवर पिळाचा, म्हणजे गोळीला गिरकी देणाऱ्या आतल्या मळसूत्री खाचांचा, आकडा कुठेच नाही. दुकानदाराने "डुकराला जडच हवी" म्हणून ७५ ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) काडतुसं दिली. १०० यार्डांवर कागदाला गोल भोकं पडतच नाहीत. सगळी लांबट, आणि एका ठिकाणी तर गोळीचा अख्खा आडवा छाप उमटलाय, टोकापासून बुडापर्यंत. दोन गोळ्यांचा पत्ताच नाही.
कोणती काडतुसं घेऊ? बजेट २० च्या डब्याला २५ डॉलर. काडतुसं घरी भरत नाही, भरायचीही नाहीत. कृपया नवी रायफल सुचवू नये.

अण्णा_ह्यूस्टन
नवी रायफल घ्या. जाड गोळीची .३०८. माझ्याकडे आहे, एका गोळीत डुक्कर जागेवर. .२२३ हे पोरांचं खेळणं.

वायोमिंगचा_वाघमारे
अण्णा, त्याने शेवटच्या ओळीत काय लिहिलंय ते तरी वाचा.
माळरान, रायफल बहुतेक ठणठणीत आहे. जुन्या बोल्ट अ‍ॅक्शन .२२३ मध्ये पीळ बहुधा १:१२ असतो, म्हणजे १२ इंचांत एक फेरा; आकडा मोठा तितका पीळ कमी. ७५ ग्रेनची गोळी लांब असते आणि एवढा पीळ तिला पुरत नाही. गिरकी कमी पडली की गोळी भोवऱ्यासारखी डुलते आणि शेवटी आडवी होते. आधी पीळ मोजा. रायफल रिकामी आहे ना ते दोनदा बघा, बोल्ट काढा. ज्याची मूठ फिरते अशा साफसफाईच्या गजाला घट्ट चिंधी लावून तो नळीत घाला, गजाला चिकटपट्टीची खूण करा आणि सावकाश ओढा. खूण एक पूर्ण फेरा मारेपर्यंत गज किती इंच बाहेर आला, तोच पीळ.

बंदूकबाज७७
.२२३ सगळ्या १:९ च असतात. माझी आहे. ७५ ग्रेन मस्त चालते. माळरानचा नेमच चुकत असणार.

वायोमिंगचा_वाघमारे
नेम चुकला तर भोक दुसरीकडे पडतं, आडवं पडत नाही. आणि सगळ्या १:९ नसतात. आजकालच्या १:८ किंवा १:९, एआर जातीच्या (लष्करी रायफलीच्या धाटणीच्या) बऱ्याचशा १:७, जुन्या १:१२.

पुणेरी_प्रोफेसर
इथे सगळे ग्रेन ग्रेन करताहेत. पीळ वजनावर ठरत नाही, लांबीवर ठरतो. ग्रीनहिल नावाच्या ब्रिटिश गणितज्ञाने १८७९ साली तोफगोळ्यांसाठी सूत्र मांडलं, आजही ढोबळमानाने चालतं. व्यासाचा वर्ग गुणिले १५०, भागिले लांबी, सगळं इंचांत. २८०० फूट प्रति सेकंदाच्या वरच्या वेगाला १५० च्या जागी १८० धरतात. .२२३ मधल्या गोळीचा व्यास .२२४ इंच (हो, .२२४, नावावर जाऊ नका). ५५ ग्रेनची मऊ टोकाची (टोकाला शिसं उघडं असलेली) गोळी साधारण .७४ इंच लांब, तिला १२.२ येतात, म्हणजे १:१२ ची नळी जेमतेम पुरते. तुमची ७५ ग्रेनवाली इंचभर लांब, तिला ९ येतात, म्हणजे ९ इंचांत एक फेरा हवा. विषय संपला.

कॅलिफोर्निया_कावळा
संपला नाही. आमच्याकडे १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिसं बंद, तांब्याच्याच गोळ्या. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून त्याच वजनाची गोळी लांब होते आणि जास्त पीळ मागते. ५५ ग्रेन लिहिलंय म्हणून डोळे मिटून तांब्याची उचलाल तर १:१२ मध्ये पुन्हा तोच तमाशा. बऱ्याच डब्यांवर किमान पीळ छापलेला असतो, तो वाचा. टेक्सासवाल्यांचं बरं आहे, आमच्या डब्यांच्या किमती विचारूच नका.

अण्णा_ह्यूस्टन
म्हणूनच म्हणतो .३०८.

सोनचाफा
मुक्या जनावरांना मारायला धागे काढता? कुंपण घाला.

सांगलीकर_ऊसवाला
ताई, एका रात्रीत अर्धा एकर ऊस आडवा झालेला बघा, मग बोलू. आमच्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे परवानगीशिवाय हात लावता येत नाही, हलगी वाजवत रात्र काढतो. बाकी .२२ म्हणजे आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला २०२४ मध्ये ब्राँझ मिळवलं तीच ना? मग तीच वापरा की, नेम तर लागतो!

वायोमिंगचा_वाघमारे
ती .२२ लाँग रायफल. ४० ग्रेनची शिशाची गोळी, वेग .२२३ च्या गोळीच्या निम्म्याहून कमी, पीळ १:१६. कागदावर सोनं आहे, डुकराला नुसती जखम होईल. नाव सारखं म्हणून काहीही एकत्र करू नका.

हॉर्नेटप्रेमी
नावावरून आठवलं. माझ्याकडे दुसऱ्या महायुद्धाआधीची .२२ हॉर्नेट आहे, पीळ १:१६. तिला लोक .२२४ इंचाची गोळी घालतात, पण त्या काळच्या बऱ्याच नळ्या .२२३ इंच व्यासाच्या होत्या. मी मऊ शिशाचा गोळा तेल लावून तोंडाकडून हलक्या हाताने नळीत ठोकला, पलीकडून काढला आणि मायक्रोमीटरने मोजला. .२२३ निघाला. तेव्हापासून ४५ ग्रेनची बारीक व्यासाचीच वापरतो, कोल्ह्याला १२५ यार्डांपर्यंत काय सुरेख जाते! जुनी बंदूक घेणाऱ्याने पिळाबरोबर नळीचा व्यासही मोजलाच पाहिजे, पण ऐकतो कोण.

पुणेरी_प्रोफेसर
माळरानची .२२३ आहे. तिला .२२४ चीच गोळी लागते. उगाच घाबरवू नका.

हॉर्नेटप्रेमी
घाबरवत कुठे आहे? मोजा म्हटलं.

बंदूकबाज७७
५.५६ ची लष्करी काडतुसं घे, स्वस्त पडतात. एकच आहे सगळं.

कॅलिफोर्निया_कावळा
एक नाही!! बाहेरून सारखी दिसतात, पण ५.५६ चा दाब जास्त आणि चेंबरचा (काडतूस बसतं त्या खोबणीचा) घसा लांब. ५.५६ च्या रायफलीत .२२३ चालतं, उलट करू नका. शिवाय ६२ ग्रेनची हिरव्या टोकाची लष्करी गोळी पोलादी गाभ्यामुळे लांब असते, १:१२ ला तीही झेपत नाही.

मोंटाना_मोरे
उशीरा आलो. जास्त पीळ म्हणजे चांगलाच असंही नाही. मी १:७ मधून ४० ग्रेनची पातळ सालीची गोळी उडवली, ३५०० फुटांना. मिनिटाला साडेतीन लाखांवर गिरक्या होतात. निशाणापर्यंत पोचलीच नाही, वाटेत राखाडी धुराची रेघ दिसली आणि संपलं.
दुसरं, थंडी. साठच्या दशकात एआर-१५ चा पीळ आधी १:१४ होता, कडाक्याच्या थंडीतल्या चाचण्यांत ५५ ग्रेनची गोळी डुलायला लागली, म्हणून १:१२ केला. थंड हवा दाट असते, जेमतेम पुरणारा पीळ तिथे कमी पडतो.

अण्णा_ह्यूस्टन
सॅन अँटोनिओत कसली थंडी हो.

सहा_एमएम_देसाई
पिळाचा फटका कंपन्यांनाही बसलाय. १९५५ साली .२४३ विंचेस्टर आणि .२४४ रेमिंग्टन एकाच वर्षी आली, दोन्हींची गोळी ६ मिलिमीटर. .२४३ चा पीळ १:१०, त्यामुळे हरणासाठी १०० ग्रेन चालायची. .२४४ चा १:१२, तिथे तेवढी लांब टोकदार गोळी स्थिर होईना. लोकांनी .२४३ उचलली. १९६३ मध्ये .२४४ ला १:९ पीळ देऊन ६ एमएम रेमिंग्टन नावाने पुन्हा आणली, तोवर बाजार गेला होता. माझ्याकडे ६ एमएम आहे, तिच्यासारखी दुसरी नाही. माळरानने तीच घ्यावी. कोलोरॅडोत हरणाला .२४ च्या खाली चालतच नाही, पुढे कधी गेलात तर .२२३ काय कामाची?

वायोमिंगचा_वाघमारे
तो टेक्सासमध्ये डुकरांबद्दल विचारतोय.
माळरान, ५५ ग्रेन मऊ टोक घे, बजेटात बसेल. प्लॅस्टिकच्या टोकाची, कोयोटीसाठीची (कोल्ह्यासारखं जनावर) नको, ती डुकराच्या खांद्यावरच्या जाड कातड्यातच फुटते. कानामागे नेम धर, १०० यार्डांच्या आत.

नळीबदल्या_नाईक
५५, ५५ काय लावलंय. १:८ ची नवी नळी बसवून घ्या, मी बसवली. खर्च आला रायफलीएवढा, पण आता ७७ ग्रेन ३०० यार्डांवर एका भोकात.

माळरान_टेक्सास
सर्वांचे आभार. गजाने मोजलं, खूण बारा इंचांवर बरोबर वर आली. तर पीळ १:१२ नक्की. बंदूकबाज, नेम माझाच होता पण चूक त्याची नव्हती.
५५ चे मऊ टोकाचे डबे जवळच्या दुकानात नव्हते, ऑनलाइन पाठवणी महाग. शेवटी ६४ ग्रेनची बोथट टोकाची घेतली, २४ डॉलर. आखूड दिसते म्हणून धाडस केलं. १०० यार्डांवर पाचही भोकं गोल, सव्वादोन इंचांत. डुकराला एवढं पुरे.

पुणेरी_प्रोफेसर
बोथट टोकामुळे लांबी वाचली म्हणून. पण काठावर आहात, डब्याचा लॉट बदलला की पुन्हा कागदावर तपासा.

वायोमिंगचा_वाघमारे
हरकत नाही, पण जानेवारीतल्या गारठ्यातही एकदा झाडून बघ. ५५ घेतली असतीस तर ही कटकट नव्हती.

अण्णा_ह्यूस्टन
सव्वादोन इंच? माझी .३०८ पाऊण इंचात मारते.

नवखा_डॅलस
माझ्याकडे .२२-२५० आहे, पीळ १:१४. तिला ही ६४ वाली चालेल का?

कॅलिफोर्निया_कावळा
नाही, १:१४ चा पीळ १:१२ पेक्षाही कमी. वरचा धागा वाच.