ऑर्का हौदात नको म्हणता, मग ठेवायचा कुठं?

मांजराकाठचा मास्तर
परवा सातवीच्या पोरांना एक व्हिडिओ दाखवला. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर आन्तिब इथलं समुद्री प्राण्यांचे खेळ दाखवणारं 'मरीनलँड' जानेवारी २०२५ मध्ये बंद पडलं. प्रेक्षक गेले, गाणी थांबली. मागं राहिली विकी नावाची ऑर्का (किलर व्हेल) मादी आणि तिचं पोर केजो. शेवाळानं हिरव्यागार झालेल्या हौदात दोघं फिरायलेत, ड्रोननं वरून टिपलंय. पोरं एकदम गप्प. मग मागच्या बाकावरची एक पोरगी म्हणाली, "सर, बारवेत पडलेल्या म्हशीवानी दिसायलंय. मग वर काढत का नाहीत?"

मला नीट सांगता आलं नाही. मालकाला विकून टाकायचे होते. जपानला पाठवायला फ्रान्स सरकारनं नकार दिला. स्पेनच्या लोकांनी सांगितलं, आमच्याकडचे हौद या दोघांना पुरेसे नाहीत. शो बंद करणारा कायदा फ्रान्सनं २०२१ मध्येच केला होता. पण कायदा करताना या मायलेकरांना ठेवायचं कुठं, ते कुणी ठरवलंच नव्हतं.

माझं मत आधीच मांडतो. खेळ बंद, पैदास बंद. जे आहेत त्यांना समुद्राची खाडी जाळीनं अडवून तिथं ठेवावं, माणसांनी खाऊ घालावं, औषधपाणी करावं. मोकळं सोडा म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही आणि हौदच बरा म्हणणाऱ्यांशीही नाही. बोला.

बिनपाण्याचा ढग
मास्तर, राग मानू नका. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तवा आमी घागरी घिऊन रांगंत हुतो. माणसाला प्यायला नव्हतं. आन् तुमी इथं बसून फ्रान्सच्या माशाला हौद बारका पडला म्हून रडायलेत. आधी आपलं निस्तरा की!

उस्मानाबादी शेळी
ढगदादा, मासा नाही तो. पिलाला दूध पाजतो, वर येऊन श्वास घेतो. नाव 'किलर व्हेल' असलं तरी तो डॉल्फिनच्या कुळातला, त्या कुळातला सगळ्यात मोठा. (माझ्या नावावर जाऊ नका, प्राणिशास्त्रात पदवी आहे.)

बिनपाण्याचा ढग
बरं बाई, मासा नाही. पाणी तर लागतंच ना त्याला?

पैठणची पोर
पाण्याचाच हिशोब करू मग. ८ ऑगस्ट १९७० ला अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या पेन कोव्ह खाडीत जाळी टाकून ऑर्कांचा अख्खा कळप कोंडला. पिल्लं वेगळी काढून विकली. काही पिल्लं जाळ्यात गुदमरून मेली, तर त्यांची पोटं फाडून, दगड भरून ती बुडवली, कुणाला कळू नये म्हणून. पुढं ती किनाऱ्याला लागली आणि भानगड उघडी पडली. विकलेल्यातली एक म्हणजे लोलिता, ऊर्फ तोकिते. तिला मायामीच्या हौदात ठेवलं. हौद ८० फूट लांब, ३५ फूट रुंद आणि खोल जागी २० फूट.

आता आपल्या मापात. शासनाच्या योजनेतलं ३० बाय ३० मीटरचं शेततळं घ्या. लोलिताचा हौद त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढाही नव्हता. खोली म्हणाल तर साडेतीन पुरुषसुद्धा नाही, आमच्या वावरातली विहीर दहा पुरुष आहे. लोलिता स्वतः वीस फुटांची. म्हणजे सरळ उभी राहिली तर शेपूट तळाला टेकायची. तिथं ती त्रेपन्न वर्षं राहिली. सोबतीचा नर ह्यूगो १९८० मध्ये मेला, त्यानंतर तिच्या जातीचं दुसरं कुणी तिला दिसलं नाही. समुद्रात नेऊ असं २०२३ च्या मार्चमध्ये जाहीर झालं आणि ऑगस्टमध्ये ती मेली.

ढगदादा, रांगेत तुम्ही होतात म्हणूनच तुम्हाला हे कळेल असं वाटलं होतं.

गुरांचा डॉक्टर (परभणी)
चर्चा भावनेवर चालली आहे, म्हणून थोडं उलट बोलतो. तीस वर्षं जनावरांत काढली आहेत.

एक, १९६४ च्या आधी माणसांना ऑर्काविषयी फक्त भीती होती. कॅनडात मच्छीमार त्यांच्यावर गोळ्या झाडत. एका सामुद्रधुनीवर तर त्यांच्यासाठी सरकारनं मशीनगन बसवली होती, ती चालवली गेली नाही हा भाग वेगळा. त्या वर्षी शिल्पकाराला नमुना हवा म्हणून एका ऑर्काला हार्पून मारला. तो मेला नाही, म्हणून बंदरात आणून ठेवला. माणसाळला, लोक बघायला लोटले. पुढच्या वीस वर्षांत 'खुनी' जनावर पोरांचं लाडकं झालं ते काचेच्या हौदामुळं. आज तुम्हाला दया येते तीही त्याच हौदाची देणगी.

दोन, ऑर्काचा गर्भकाळ साधारण सतरा महिने, हे हौदातल्या माद्यांमुळं पक्कं कळलं. आपली म्हैस दहा महिन्यांत विते. ही माहिती भर समुद्रात पोहत मिळवता येत नाही.

तीन, केइको. 'फ्री विली' चित्रपटातला हा नर १९७९ मध्ये आइसलंडजवळ पकडलेला. जगभरच्या पोरांनी पैसे जमवले, कोट्यवधी डॉलर खर्च झाले. १९९८ मध्ये त्याला आइसलंडला नेलं, २००२ मध्ये मोकळं सोडलं. तो काय केला? पोहत नॉर्वेला गेला आणि तिथं माणसांच्या होड्यांमागं फिरू लागला. पोरं पाठीवर बसायची. डिसेंबर २००३ मध्ये न्यूमोनियानं गेला. जन्मभर दावणीला खाल्लेलं जनावर आहे हो, सोडलं तर दावणीकडंच येणार.

पैठणची पोर
डॉक्टरसाहेब, केइको सगळेच सांगतात, स्प्रिंगरचं नाव कुणी घेत नाही. २००२ मध्येच सिएटलजवळ एक अनाथ पिल्लू सापडलं, आजारी, एकटं. पकडलं, बरं केलं, जुलैमध्ये तिच्या कळपाच्या पाण्यात नेऊन सोडलं. कळपानं घेतलं. पुढं तिला पिल्लंही झाली. रशियात २०१९ मध्ये व्यापाऱ्यांच्या पिंजऱ्यातल्या ऑर्का सोडल्या, त्याही गेल्या समुद्रात.

गुरांचा डॉक्टर (परभणी)
ताई, उदाहरण बरोबर, पण ते माझ्याच बाजूचं आहे. स्प्रिंगर माणसांकडं काही आठवडेच होती आणि तिची भावकी समोर हजर होती. रशियातल्याही ताज्या पकडलेल्या. विकी २००१ मध्ये हौदातच जन्मली, केजो २०१३ मध्ये. त्यांना समुद्र माहीत नाही, जिवंत मासा धरता येत नाही, आणि ज्यांच्याकडं सोडायचं ते गणगोतच नाही. ऑर्काच्या प्रत्येक कळपाची बोली वेगळी असते. हे दोघं कुणाची बोली बोलणार?

उस्मानाबादी शेळी
फ्रेंच :) थट्टा नाही, विकी माणसाच्या 'हॅलो'ची नक्कल करायची. २०१८ मध्ये त्यावर संशोधन छापून आलं होतं.

कंधारीकर
आमच्या दावणीला लाल कंधारीची जोडी हाय. येसण घालतो, औताला जुपतो, पोळ्याला पुजतो. उद्या ह्येच लोक म्हणतील बैलाला बांधू नका. मंग शेती काय ऑर्का करणार? जनावर माणसापाशी ऱ्हातंय, खातंय, सुखी असतंय. आमचा बैल हाक मारली की मान वळवतो. त्यो ऑर्काबी शिट्टी मारली की येतोच की.

मांजराकाठचा मास्तर
कंधारीकर, तुमच्या बैलाच्या शंभर पिढ्या माणसाच्या दारात गेल्या. ऑर्काला माणसानं दारात आणलं ते आत्ता, माझे वडील शाळेत होते तेव्हा. आणि तुमचा बैल दावणीचा खुंटा चावून दात झिजवतो का? हौदातले ऑर्का काँक्रीट आणि लोखंडी गज चावतात. दात इतके झिजतात-तुटतात की ते कोरून रोज पाण्यानं धुवावे लागतात. मोठ्या नरांचा पाठीवरचा उभा पर जवळपास सगळ्यांचा एका बाजूला लोळलेला असतो, समुद्रात असं क्वचित दिसतं.

आणि आता मारण्याचं. मोकळ्या ऑर्कानं माणूस मारल्याची एकही नोंद नाही. हौदातल्यांनी चार माणसं मारली. त्यातल्या तीन मृत्यूंत तिलिकुम नावाच्या एकाच नराचा हात होता. १९८३ मध्ये आइसलंडजवळ धरला तेव्हा जेमतेम दोन वर्षांचा. कॅनडातल्या पहिल्या ठिकाणी रात्री त्याला दोन मोठ्या माद्यांबरोबर अंधाऱ्या लोखंडी खोपटात कोंडायचे, त्या त्याला फाडायच्या. २०१० मध्ये त्यानं आपल्याच शिकवणाऱ्या बाईचा जीव घेतला, प्रेक्षकांसमोर. त्यानंतरही कंपनीनं त्याला खेळात उतरवलं. २०१७ मध्ये मेला. बैल मारका निघाला तर आपण काय करतो, त्याला पुन्हा लेकरांच्या गर्दीत नेतो का?

कंधारीकर
न्हाई नेत. येवढं खरं हाय.

शंकासुर
मला वेगळाच प्रश्न पडलाय. भारतात डॉल्फिनचे खेळ २०१३ पासून बंद आहेत. आपल्या राज्यातही प्रस्ताव होता, तो केंद्राच्या परिपत्रकानं बारगळला. त्या परिपत्रकात म्हटलंय की काही शास्त्रज्ञांच्या मते या प्राण्यांना 'मानवेतर व्यक्ती' मानावं. छान. पण हिंगोलीच्या पोरानं डॉल्फिन बघायचा कुठं? आमच्या गावातली निम्मी पोरं दहावीच्या सहलीला पहिल्यांदा समुद्र बघतात. नॉर्वेला होडीत बसून ऑर्का बघणं साहेबलोकांना परवडतं. गरिबाला हौदच.

सुनंदाताई सेलूकर
शंकासुर, बघण्याचंच सांगते. आमच्या लहानपणी गावात दरवेशी यायचा अस्वल घेऊन. डमरू वाजला की आम्ही परकर सावरत वेशीपर्यंत पळायचो. अस्वल दोन पायांवर नाचायचं, सलाम करायचं. आई पायलीतलं पसाभर धान्य द्यायची आणि अस्वलाचा केस ताईतात घालून माझ्या गळ्यात बांधायची, दचकू नये म्हणून. मी अस्वल 'बघितलं', अगदी हात लावून. आणि अस्वलाबद्दल काय कळलं मला? काही नाही. त्याच्या नाकातून दोरी ओवलेली असते, सुळे पाडलेले असतात, हे पन्नाशी उलटल्यावर कळलं.

ती अस्वलं नंतर सोडवली. पण जंगलात नाही सोडली, दात नसलेलं अस्वल जंगलात काय खाणार? आग्र्याला त्यांच्यासाठी जागा केली, झाडं, तळी, कुंपण. तिथं म्हातारी होऊन मरतात. रस्त्यावरचं शेवटचं नाचणारं अस्वल २००९ मध्ये सुटलं म्हणतात. दरवेशांनाही दुसरा धंदा उभा करून दिला, काही तर तिथंच राखणीला लागले. मास्तर ज्या खाडीचं म्हणतायत ती याहून वेगळी आहे का?

गुरांचा डॉक्टर (परभणी)
सुनंदाताई, उदाहरण पटलं. इतका वेळ मी 'सोडा' या बाजूशीच भांडत होतो, मास्तर ते म्हणतच नव्हते.

तरी खाडी म्हणजे आग्र्याचं कुंपण नव्हे. २०१९ मध्ये शांघायच्या हौदातल्या दोन पांढऱ्या बेलुगा व्हेल आइसलंडला आणल्या, केइकोला ठेवलं होतं त्याच क्लेट्सविक खाडीत राहतील म्हणून. वर्षं उलटली तरी त्यांचा बहुतेक काळ काठावरच्या बंदिस्त हौदातच गेला. खाडीत नेलं, मानवलं नाही, परत आणलं. वादळ येतं, जाळी फाटते, हौदाच्या गाळलेल्या पाण्यावर वाढलेल्या जनावराला समुद्रातले रोगजंतू नवे असतात. ऑर्कासाठी कॅनडात नोव्हा स्कोशियाला जागा ठरवून काही वर्षं झाली.

शिवाय खर्च. एक मोठा ऑर्का दिवसाला ६० ते १०० किलो मासळी खातो. मादी पन्नास वर्षं सहज जगते, काही ऐंशीच्या पुढं. विकी अजून पंचविशीतली आहे. तिकीट बंद झाल्यावर पुढची तीस वर्षं ही मासळी कोण विकत घेणार? आपल्याकडं गोशाळांचं दुसऱ्या वर्षी काय होतं ते मी रोज बघतो. फोटोपुरता चारा येतो.

पैठणची पोर
ज्यांनी तिकिटं विकली त्यांनी घ्यायची. विकीला जन्माला घातलं ते त्यांनीच, समुद्रानं नाही. परवाना देतानाच जनावराच्या म्हातारपणाची रक्कम अलग काढून घ्यायला हवी होती. अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या कंपनीनं २०१६ मध्ये पैदास बंद केली, कॅनडानं २०१९ मध्ये कायदाच केला. पण शेवटच्या पिढीचं काय, ते कुणाच्याच कागदावर नाही. कॅनडातली किस्का २०११ पासून हौदात एकटीच होती. कायदा होऊन चार वर्षं होत आली आणि २०२३ मध्ये ती तशीच एकटी मेली.

शंकासुर
आणि चीनमध्ये नवे हौद बांधणं चालूच आहे. तुम्ही इकडं धागे काढा.

उस्मानाबादी शेळी
म्हणून काय, शेजारी बैल उपाशी मारतो तर आपणही मारायचा?

मांजराकाठचा मास्तर
डॉक्टर, पैशाचा मुद्दा वर्गात मांडतो. पोरं त्यातून काहीतरी काढतील, मला तरी सुचत नाही. खाडी अवघड आहे हेही मान्य. पण अवघड म्हणून शेवाळलेला हौदच धरून बसायचं, हे मला मान्य नाही.

बिनपाण्याचा ढग
मास्तर, समदं वाचलं. माशाचं, बरं ऱ्हाऊ द्या, त्या जनावराचं मला अजून फार काय वाटत न्हाई, खोटं कशाला बोलू. पन त्या पोरीला म्हशीचं सांगा. आमच्याकडं पडली हुती एक, भावकीतल्याची, पडक्या बारवेत. पायऱ्या ढासळलेल्या. धा-बारा गडी, दोर, वरून पोकलेन आणलं, पोटाखालून पट्टे घालता घालता सांज झाली. निगाली. पन वर आल्यावर दोन दिवस हुबीच ऱ्हाईना. गडी म्हनायलेत काढली ते चुकलंच, खालीच बरी हुती. तिसऱ्या दिशी उठली आन् कडब्याला तोंड लावलं.

गुरांचा डॉक्टर (परभणी)
सलाईन लावलं होतं का?

बिनपाण्याचा ढग
न्हाई. गूळपाणी पाजलं. बाई ऱ्हायली हुती तिच्यापाशी रातभर.