अनुभव धागा: विदर्भातल्या गावरस्त्यांवर ५०-७० किलोमीटरची गोल फेरी तुम्ही कशी आखता?

धाग्याची सुरुवात, वर्धा

आल्या वाटेने परतायचे नाही, दुपारच्या जेवणाला घरी पोहोचायचे आणि महामार्गावर कमीत कमी राहायचे, अशा तीन अटींवर मी गेली काही वर्षे वर्धा परिसरात सायकलच्या फेऱ्या आखत आलो आहे. सुरुवातीला नकाशावरची सर्वांत बारीक रेघ मला सर्वांत चांगला रस्ता वाटत असे. आता मी आधी त्या भागात कोणते पीक उभे आहे, ते कधी निघणार आणि वाटेतल्या गावाचा बाजार कोणत्या वारी भरतो हे विचारतो. किलोमीटर त्यानंतर मोजतो.

माझी नेहमीची फेरी सेवाग्राम, पवनार, सेलू आणि हिंगणीवरून बोर धरणापर्यंत जाते आणि जाऊन-येऊन साधारण ७० किलोमीटर होते. परतीला बराचसा रस्ता तोच येत असल्याने माझी पहिली अट येथे मोडते, हे आधीच कबूल करतो. पवनारला धाम नदीच्या काठी, विनोबांच्या आश्रमाखाली, पहिला थांबा घेतो, कारण त्यापुढचा सेलूपर्यंतचा तुकडा चौपदरी नागपूर रस्त्याचा आहे आणि तो उजाडल्याबरोबर, ट्रकची वर्दळ वाढण्याआधी उरकलेला बरा. बोर २०१४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. जंगलाच्या फाटकापलीकडे सायकल नेण्याचा विचार करू नये. धरणापाशी बसावे, डबा खावा आणि मागे फिरावे. समृद्धी महामार्गावर सायकलला परवानगीच नाही, त्यामुळे वर्धा जिल्ह्यात फेरी आखताना गावरस्ता त्याच्याखालून नेमका कोठे जातो, एवढे मात्र आदल्या दिवशी पाहून ठेवावे लागते.

एक सवय सर्वांना सुचवतो. रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडाच्या माथ्याचा रंग पाहत जावे. पिवळा म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, हिरवा म्हणजे राज्य मार्ग आणि नारिंगी म्हणजे प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेचा रस्ता. मी नारिंगी दगडांच्या शोधात असतो. तेथे खड्डे भेटतात, पण ट्रक फारसे भेटत नाहीत.

आपण कोठून निघालात, महिना कोणता होता आणि आखणीत काय चुकले, हे कृपया सविस्तर लिहावे.

नागपूर

आम्ही दोघे चारचाकीच्या मागे सायकली बांधून रामटेकला जातो आणि फेरी तेथून सुरू करतो. नागपूर ते रामटेक हे ५० किलोमीटरच्या आसपासचे अंतर महामार्गावर सायकलने काटले, तर पाहण्यासारख्या जागी पोहोचेपर्यंत पायांत काही उरत नाही. आमची फेरी खिंडसी तलाव, नगरधनचा किल्ला आणि मनसर अशी आहे. रस्ता बहुतेक सपाट आहे. चढ म्हणावा असा एकच, तो गडमंदिराचा. तो आधी घ्यावा की शेवटी, यावर आमच्या घरी दर वेळी वाद होतो. माझे मत असे की गड पहाटे चढावा, कारण वरून तलाव, धानाच्या बांध्या आणि आपला दिवसभराचा रस्ता एका नजरेत दिसतो. यजमानांचे मत असे की थकल्यावर उतार मिळाला पाहिजे.

चूक सांगायची तर, पहिल्या वर्षी आम्ही कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेच्या दिवसांत तेथे जाऊन पोहोचलो आणि सायकल हातात धरून गर्दीतून चालत राहिलो. दुसरे असे की मनसरकडे मँगनीजच्या खाणी आहेत, त्यामुळे तिकडे अवजड वाहनांची धूळ गृहीत धरावी. आम्ही आता तो भाग सकाळी सर्वांत आधी संपवतो आणि नगरधनचा शांत रस्ता उन्हासाठी राखून ठेवतो. नोव्हेंबरात डांबरी रस्त्याच्या अर्ध्या भागावर धान वाळत घातलेले असते. त्यावरून सायकल नेऊ नये. चाक घसरते हे एक कारण झाले, पण ते कोणाच्या तरी वर्षभराचे अन्न आहे.

दर्यापूर, जिल्हा अमरावती

वरील दोन्ही अनुभवांत पाण्याचा उल्लेख नाही, म्हणून मुद्दाम लिहितो. आमचा भाग पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात येतो. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतील या पट्ट्यात जमिनीखालचे पाणी खारे आहे. बाहेरून आलेला सायकलस्वार हातपंप दिसला की बाटली भरायला धावतो आणि पहिल्याच घोटाला तोंड वाकडे करतो. गेल्या जानेवारीत पुण्याहून आलेल्या माझ्या मावसभावाने हट्टाने एकच बाटली घेतली आणि लासूरचे काळ्या दगडाचे आनंदेश्वर मंदिर पाहून परतताना माझ्या दोन्ही बाटल्या संपवल्या. या भागात मी माणशी तीन लिटर पाणी धरतो आणि थांबे चहाच्या टपरीप्रमाणे नव्हे, तर नळयोजनेचे पाणी मिळणाऱ्या गावांप्रमाणे ठरवतो. चहाची टपरी त्याच गावात असतेच.

सपाट रस्ता सोपा असतो, हा समजही येथे टिकत नाही. चढ नाही म्हणजे उतारही नाही. पाय सतत चालवावे लागतात आणि तुरीची उंच वावरे सोडली तर वाऱ्याला अडवणारे काही नसते. त्यामुळे निघताना वारा तोंडावर घ्यावा आणि परतताना पाठीवर. वारा उलट निघाला, तर फेरीची दिशा बदलण्याचा कमीपणा वाटून घेऊ नये.

यवतमाळ

माझा अनुभव चार किलोमीटरचा आहे. ऑक्टोबरात कळंबच्या चिंतामणीचे दर्शन घेऊन वेगळ्या वाटेने परतताना नकाशावर एक जवळची वाट दिसली. ती पांदण, म्हणजे शेतांमधली कच्ची वाट होती. आदल्या रात्री परतीचा पाऊस झालेला होता. पहिल्या शंभर मीटरांतच काळी माती टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये अशी भरली की चाक फिरेना. काडीने माती काढायची, दहा पावले जायचे, पुन्हा थांबायचे. शेवटी सायकल खांद्यावर घेतली, तेव्हा बुटांना चिकटलेल्या मातीने माझीच उंची वाढली होती. पऱ्हाटीत (कापसाच्या शेतात) काम करणाऱ्या एका काकूंनी धुऱ्यावरून विचारले, "काहून आले बापू इकडून? बंडी नाही जात या दिवसांत." बंडी म्हणजे बैलगाडी. नकाशाने सांगितलेले २० मिनिटांचे अंतर दोन तासांत पार झाले. तेव्हापासून नियम असा: डांबर संपले आणि गेल्या तीन दिवसांत पाऊस झालेला असला, तर मागे फिरायचे. मडगार्ड पावसाळ्यानंतर काढून ठेवावेत की नाही, यावर जाणकारांनी मत द्यावे.

काटोल

आमच्याकडे फेब्रुवारीत यावे. आंबिया बहाराची फुले लागलेली असतात आणि संत्र्याच्या बागांमधून जाताना वास रस्ताभर सोबत राहतो. ज्यांना फळ पाहायचे आहे, त्यांनी ऑक्टोबरनंतर यावे, पण तेव्हा क्रेट भरलेल्या गाड्यांना वाट देत जावे लागेल. रस्ता चढ-उताराचा आहे. ५० किलोमीटरलाच ७० चा थकवा येतो.

साकोली, जिल्हा भंडारा

मी शिक्षिका आहे आणि रविवारी मैत्रिणीसोबत नवेगाव बांधच्या दिशेने जाते. हा तलावांचा मुलूख आहे. जुने मालगुजारी (पूर्वीच्या जमीनदारांनी बांधलेले) तलाव आणि बोड्या, म्हणजे लहान तळी, वाटेत एकामागून एक येतात, त्यामुळे थांबे आपोआप ठरतात आणि तेथेच वेळेचा हिशेब बिघडतो. डिसेंबरात एका बोडीवर पक्षी पाहत आम्ही इतका वेळ बसलो की परतीचा जंगलातला तुकडा सूर्यास्ताच्या वेळी वाट्याला आला. साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि झाडीत त्याच्या आधीच अंधारते. वाघ दिसला नाही. समोरून रस्ता ओलांडणारा रानडुकरांचा कळप मात्र दिसला आणि तेवढे पुरे झाले. त्यानंतर आम्ही परतीची वेळ आधी ठरवतो: तीन वाजता जेथे असू तेथून घराकडे, तलाव कितीही सुंदर असो.

धाग्याची सुरुवात करणाऱ्याकडून, वर्धा

यवतमाळकरांना: मडगार्ड काढण्यापेक्षा टायर आणि मडगार्ड यांच्यात दोन बोटे जागा ठेवावी, असा माझा अनुभव आहे, चिखल नसला तरी कुटार, म्हणजे मळणीचा भुसा, अडकतेच. सोयाबीनची मळणी रस्त्यालगत चालते, तेव्हा हे कुटार पार साखळीपर्यंत जाते.

पंक्चरबद्दल अजून कोणीच लिहिले नाही, याचे नवल वाटते. डुकरे आणि रोही (नीलगायी) पिकात शिरू नयेत म्हणून शेतकरी बाभळीच्या फांद्या तोडून कुंपण घालतात. त्या फांद्या बंडीवरून किंवा ट्रॅक्टरला बांधून ओढत नेल्या जातात आणि वाटभर काटे सांडतात. असे कुंपण नव्याने घातलेले दिसले, की त्यापुढचा अर्धा किलोमीटर मी रस्त्याच्या कडेने न जाता मधून चालवतो. तरीही सेलूच्या पुढे एकदा २० मिनिटांत दोनदा ट्यूब बदलावी लागली, कारण पहिल्या वेळी टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधण्याचा मी कंटाळा केला होता. तो तेथेच होता.