मदत हवी आहे: एसीपीआय टेबलमध्ये कॅमेरा आणि रिसीव्हर जोडले, पण लिंक उमटतच नाही

नमस्कार मंडळी,

हिंगणा एमआयडीसीत आमचं लहानसं वर्कशॉप आहे. कळमन्याच्या एका आडत्यासाठी संत्र्याची प्रतवारी करणारं मशीन बनवतोय. पट्ट्यावरून फळ गडगडत येतं, वरचा कॅमेरा फोटो काढतो, आणि रंग-आकार बघून ते कोणत्या खोक्यात ढकलायचं हे ठरतं. पहिलं मॉडेल रास्पबेरी पायवर झालं, तिथे डिव्हाइस ट्रीत, म्हणजे जोडलेल्या हार्डवेअरचं वर्णन कर्नलला देणाऱ्या फाइलमध्ये, चार ओळी लिहिल्या की काम भागायचं. आता दोन पट्टे झाल्यावर पायला भार झेपेना, म्हणून सातव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरचा बोर्ड घेतला. त्यात आयपीयू३ हा इंटेलचा कॅमेऱ्यासाठीचा भाग आहे, म्हणजे कॅमेऱ्याचे चार रिसीव्हर आयते मिळतात. सेन्सर ओव्ही५६७०, दोन लेन, १९.२ मेगाहर्ट्झचं घड्याळ.

अडचण अशी की बोर्डच्या फर्मवेअरमधल्या एसीपीआय टेबलात (इथे हार्डवेअरचं वर्णन त्यातच असतं) कॅमेऱ्याची नोंदच नाही. विकणाऱ्याला तीन मेल केल्या, उत्तर शून्य. शेवटी मीच एसएसडीटी, म्हणजे एसीपीआयची पुरवणी, लिहायला घेतली. आयटूसी बसखाली सेन्सरचं उपकरण टाकलं, ओळख आयएनटी३४७९. त्याच्या डीएसडीत (उपकरणाच्या गुणधर्मांच्या नोंदीत) एक पोर्ट, पोर्टात एक एंडपॉइंट, म्हणजे जोडणीचं टोक. रिसीव्हरचं उपकरण मूळ टेबलात होतंच, त्याचा स्कोप उघडून तिथेही तसंच पोर्ट-एंडपॉइंट. दोन्हीकडून रिमोट-एंडपॉइंट एकमेकांकडे. आयएएसएल या कंपायलरने एकही एरर न देता कंपाइल केली, बूटच्या वेळी चढणाऱ्या इनिटआरडी फाइलच्या पुढे जोडली. सिक्युअर बूट बंद आहे.

बूट केल्यावर डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींत) टेबल चढल्याची ओळ दिसते. पण कॅमेऱ्याच्या जोडण्या दाखवणाऱ्या मीडियासीटीएलमध्ये चारही रिसीव्हर मोकळे, सेन्सरचा पत्ता नाही. एररही नाही. एरर आली असती तर निदान शोधायला काही धरता आलं असतं. तीन रात्री गेल्या. आंबिया बहाराचा माल बाजारात येण्याआधी मशीन उभं करायचं आहे. कोणी हा प्रकार केलाय का?

प्रतिसाद १
कॅमेऱ्याची रिबन केबल उलटी लागलीय का बघा. माझ्याकडे दहापैकी आठ वेळा तेच निघतं.

धागाकर्ती
तेच आधी पाहिलं. बसवरची उपकरणं दाखवणाऱ्या आयटूसीडिटेक्टमध्ये सेन्सरच्या पत्त्यावर यूयू दिसतं, म्हणजे ड्रायव्हर चिकटलाय. चिप आयडी जुळल्याशिवाय तो चिकटत नाही. वायर, वीज, घड्याळ हे सगळं त्यामुळे सुटलं.

प्रतिसाद २
ताई, काहून रात्री जागून राह्यल्या, पहिल्याच दिवशी विचारायचं ना! दोन गोष्टी सांगा. रिमोट-एंडपॉइंटच्या ओळीत नेमकं काय लिहिलंय? आणि कर्नल कोणतं?

धागाकर्ती
भाऊ, डिव्हाइस ट्रीत अँपरसँड लावून लेबल देतो ना, तसंच. समोरच्या एंडपॉइंटचं पूर्ण नाव, मुळापासून: एसबी, पीसीआय०, रिसीव्हरचं उपकरण, त्याखाली ईपी००. नाव चुकलं असतं तर आयएएसएल ओरडलं असतं, म्हणून ती ओळ मी पुन्हा तपासलीही नाही. डेबियन १२ आहे.

प्रतिसाद २
हात्तिच्या, सापडलं. डिव्हाइस ट्रीत लेबलाचा फँडल होतो, म्हणजे खरोखरचा निर्देश. एसीपीआयमध्ये तसं नाही. इथे थेट निर्देश करता येतो तो फक्त उपकरणाकडे. पोर्ट आणि एंडपॉइंट ही उपकरणं नव्हेत, डीएसडीतली नुसती डेटाची पॅकेजं आहेत. अशा पॅकेजचं नाव दुसऱ्या पॅकेजात लिहिलं की तिथे त्याचा निर्देश जात नाही, अख्ख्या मजकुराची नक्कल जाते. शेजाऱ्याचा पत्ता मागितला आणि तुम्ही त्याच्या घराची झेरॉक्स पाठवली. आयएएसएल ओरडेल कशाला? त्याच्या दृष्टीने नाव बरोबरच आहे.

एरर का नाही, तेही ऐका. सेन्सरचा ड्रायव्हर सुरुवातीला समोरचं टोक सापडतं का ते बघतच नाही. म्हणून त्याचा प्रोब (चिकटतानाची तपासणी) पास. रिसीव्हरचा ड्रायव्हर मात्र एकेका पोर्टवर जाऊन समोरचं टोक हाती लागतं का ते बघतो. लागलं नाही तर त्या पोर्टला काही जोडलेलंच नाही असं धरून गुपचूप पुढे सरकतो. चारातल्या काही रिसीव्हरना बऱ्याच बोर्डांवर काही नसतंच, मग बिचारा बोंब कशाला मारेल? आणि ग्राफ अर्धवट का असेना, दिसतो आहे, त्यामुळे आयपीयूचा ब्रिज कोडही मधे पडत नाही. विंडोज लॅपटॉपवर हाच कोड फर्मवेअरमधली बाकी माहिती गोळा करून ग्राफ स्वतः रचतो.

नावाच्या जागी अवतरणचिन्हांत पूर्ण मार्ग लिहा. मार्गाच्या सुरुवातीचा उलटा तिरपा दोनदा द्यायचा, एएसएलच्या (टेबल लिहायच्या भाषेच्या) स्ट्रिंगमध्ये एकटा दिला तर तो एस्केप धरला जातो.

धागाकर्ती
घराची झेरॉक्स 😄 आत्ता कळलं. दोन्ही बाजूंना स्ट्रिंग केली, तिरपे दोन-दोन दिले, रीबूट. तरी तेच. टेबल उलट डीकंपाइल करूनही पाहिलं, स्ट्रिंग जशीच्या तशी आहे.

प्रतिसाद ३
डेबियन १२ म्हणजे ६.१ कर्नल. स्ट्रिंगमधला मार्ग वाचायची सोय त्यानंतरची आहे, जुन्या कर्नलसाठी ती नुसती अक्षरं. तिथे जुनी रीत चालते: रिमोट-एंडपॉइंटची किंमत म्हणून तीन गोष्टींचं पॅकेज. आधी उपकरणाचं नाव, हे अवतरणाशिवाय, कारण उपकरणाकडे खरा निर्देश होतो. मग अवतरणांत पोर्टची किल्ली, मग एंडपॉइंटची किल्ली. किल्ली म्हणजे वर मुलांच्या (डीएसडीतल्या आतल्या नोंदींच्या) यादीत तुम्ही दिलेलं नाव, पोर्ट-ॲट-शून्य वगैरे. आत ठेवलेलं पीआरटी० हे चार अक्षरी नाव इथे चालत नाही. मी स्वतः त्यात एक अख्खा रविवार घालवलाय.

लिहिण्याआधी एक बघून घ्या. सिसएफएसमध्ये (कर्नल आपली माहिती फायलींच्या रूपात दाखवतं तिथे) एसीपीआय बसच्या उपकरणांत तुमच्या सेन्सरचं फोल्डर उघडा. डीएसडीची मुलं कर्नलने नीट वाचली असतील तर आत पोर्टच्या किल्लीच्याच नावाचं फोल्डर असतं, आणि त्यात पाथ नावाची फाइल. ती कॅट केली की टेबलातलं नाव मिळतं. रिसीव्हरकडेही तसंच करा. ज्या बाजूला फोल्डर नाही, त्या बाजूची मुलांची यादीच चुकलेली असते, मग रिमोट कितीही घासा.

धागाकर्ती
फोल्डर दोन्हीकडे होती. तीन गोष्टींचं पॅकेज लिहिलं आणि लिंक आली! मीडियासीटीएलमध्ये ओव्ही५६७० रिसीव्हर शून्यला जोडलेला दिसला. इतका आनंद झाला की शेजारच्या शेडमधल्या काकांनी येऊन काय झालं विचारलं.

पण स्ट्रीम सुरू केल्यावर एकही फ्रेम येईना. अर्ध्या तासाने बोर्डचा नकाशा काढून बसले, तर आमची रिबन ज्या कनेक्टरला आहे तो आतून रिसीव्हर दोनला जातो. मी रिसीव्हरच्या पोर्टला रेग (पोर्टचा आकडा) शून्य दिला होता, कारण पहिलाच पोर्ट, शून्यच असणार! रेग आणि किल्ली दोन्ही दोन केले, सेन्सरच्या बाजूच्या पॅकेजातली किल्लीही बदलली. आता फ्रेम येतायत.

प्रतिसाद २
पोर्टचा आकडा हा हार्डवेअरचा असतो, तुमच्या मोजणीचा नाही. सेन्सरकडे एकच पोर्ट असतो म्हणून तिथे शून्य खपून जातं. लिंक-फ्रीक्वेन्सी काय दिलीय?

धागाकर्ती
४२२.४ मेगाहर्ट्झ, ड्रायव्हरमध्ये आहे तीच.

आता फाइलमध्ये संत्रं हिरवट आणि चट्ट्यापट्ट्यांचं दिसतंय, ते मात्र टेबलाचं पाप नाही. रिसीव्हर कच्चा बेयर डेटा स्वतःच्या पॅकिंगमध्ये देतो: १० बिटांचे २५ पिक्सेल ३२ बाइटांत, शेवटचे ६ बिट रिकामे. मी ते साध्या १६ बिटांसारखं उघडत होते. लिबकॅमेरा ही कॅमेऱ्याची लायब्ररी चढवून बघते, नाही जमलं तर त्याचा वेगळा धागा काढीन. एसएसडीटीची फाइल आज रात्री इथेच चिकटवते, ६.१ साठीची एक आणि स्ट्रिंगवाली एक. भाऊ, कळमन्यात कधी आलात तर आडत्याकडून एक पेटी तुमच्या नावाने ठेवून घेते.

प्रतिसाद १
आणि रिबनवाल्याला काहीच नाही का? कनेक्टरचा नंबर चुकला होता, म्हणजे अर्धी रिबनच की.