परदेशातील भाच्याची ऑटिझम तपासणी पुढे ढकलावी का?

रावपुऱ्यातील आत्या, बडोदे
माझा धाकटा भाऊ आणि भावजय अमेरिकेत, मिनेसोटा राज्यातील मिनियापोलिसला असतात. त्यांचा मुलगा अडीच वर्षांचा झाला, तरी दोन शब्द जोडून बोलत नाही आणि हाक मारल्यावर बहुधा वळूनही पाहत नाही. तिथल्या बालरोगतज्ज्ञांनी ऑटिझमची (स्वमग्नतेची) सविस्तर तपासणी सुचवली आहे. घरातील वडीलधाऱ्यांचे मात्र म्हणणे असे की मराठी, इंग्रजी आणि आजोळची गुजराती एकदम कानावर पडल्याने तो गोंधळला आहे, शिवाय बाहेरून आलेल्यांच्या मुलांवर तिकडे असा शिक्का लवकर बसतो. थोडे थांबावे का? घरात मराठी बोलणे बंद करावे का?

स्पीच थेरपिस्ट, अलकापुरी
ताई, कृपया थांबू नका. शिक्क्याची भीती मी समजू शकते, पण आकडे सरसकट तसे सांगत नाहीत. स्टॉकहोममधील एका मोठ्या अभ्यासात स्थलांतरित पालकांच्या मुलांत बौद्धिक अक्षमतेसह ऑटिझमचे निदान जास्त, तर बौद्धिक अक्षमता नसलेल्या ऑटिझमचे निदान कमी आढळले. मिनियापोलिसमध्येच २०१० सालच्या, सात ते नऊ वर्षांच्या मुलांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा सोमालियातून आलेल्या कुटुंबांतील म्हणजे सोमाली मुलांत ३२ पैकी एक, गोऱ्या मुलांत ३६ पैकी एक आणि हिस्पॅनिक (लॅटिन अमेरिकी वंशाच्या) मुलांत ८० पैकी एक असे ऑटिझमचे प्रमाण निघाले. निदान झालेल्या सोमाली मुलांत बौद्धिक अक्षमताही इतरांपेक्षा बरीच अधिक होती. यामागची कारणे अद्याप पुरती उलगडलेली नाहीत. तरीही माझे मत असे आहे की ठळक लक्षणे असलेले मूल कोठेही नजरेत भरते, पण सौम्य लक्षणांचे मूल ‘दोन भाषांमुळे उशीर होतो’ या समजुतीआड वर्षानुवर्षे राहून जाते, आणि तुमच्या घरी आज नेमका हाच युक्तिवाद होत आहे. अनेक भाषा ऐकल्याने ऑटिझम होत नाही, आणि हाकेला प्रतिसाद न देण्याचे कारणही त्यात सापडत नाही. त्यासाठी आधी श्रवणचाचणी करून घ्यावी.

मराठी मुळीच सोडू नका. ऑटिझम असलेली मुले दोन भाषांत वाढल्याने अधिक मागे पडतात, असे अभ्यासांत दिसलेले नाही. उलट आईवडील परक्या भाषेत तुटक बोलू लागले, तर मुलाशी होणारा संवादच आटतो. तपासणीच्या वेळी तो तिन्ही भाषांतले मिळून कोणते शब्द वापरतो, ते लिहून न्यावे.

एक पालक, मांजलपूर
मिनेसोटात ‘हेल्प मी ग्रो’ या, विकासात मागे पडणाऱ्या लहान मुलांसाठीच्या सरकारी कार्यक्रमाकडे पालक स्वतः नाव नोंदवू शकतात. त्यासाठी आधी निदान लागत नाही आणि पात्र मुलांना सेवा विनामूल्य मिळते. मोठ्या तपासणीची तारीख मिळायला अनेकदा महिने लागतात, म्हणून दोन्हीकडे आजच अर्ज करायला सांगा.