मदत हवी आहे : डिजिटल चित्रं छापायला कोणत्या फॉरमॅटमध्ये द्यावीत?

काळी_शाई :
नमस्कार मंडळी. मी क्रिता या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये चित्रं काढते. मुंबईवरची एक मालिका चालू आहे, त्यातली दोन आता बाहेर द्यायची आहेत. एकात रात्रीचा रस्ता आणि बेस्टची लाल बस, सगळे सपाट रंग आणि बारीक रेषा. दुसरं पावसातलं मरीन ड्राइव्ह, जलरंगासारखं धूसर. दोन्ही ए३, ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके), म्हणजे ३५०८ × ४९६१ पिक्सेल.

बस एका दिवाळी अंकात पान भरून येणार आहे. दोन्हींचे प्रिंट काढून विकायचेत. इन्स्टा आहेच.

अडचण अशी की बसचं जेपेग केलं की लाल रेषांच्या कडा घामाने कुंकू फिसकटावं तशा होतात. क्वालिटी ९५ ठेवली तरी तेच. मरीन ड्राइव्हला मात्र काही होत नाही. छापखाना म्हणतो टिफ पाठवा, फोर्टमधला प्रिंटवाला म्हणतो पीएनजी द्या. कुणाचं ऐकू? आणि आहे त्याच जेपेगचं टिफ करून दिलं तर चालेल का?

परळचा_पेंटर :
जेपेगचं टिफ करून हाती काही लागणार नाही. गेलेला तपशील परत येत नाही, फाइल तेवढी फुगते. टिफ मूळ केआरए फाइलवरूनच (क्रिताची स्वतःची फाइल) काढा. ती केआरए लेयरसकट दोन ठिकाणी जपून ठेवा आणि कुणाला देऊ नका.

आता लाल रेषा. जेपेग उजेड-अंधाराची माहिती नीट जपतं, रंगाची मात्र बहुतेक वेळा निम्म्या रिझोल्यूशनवर ठेवतं. चार पिक्सेलांत मिळून एकच रंग. आपल्या डोळ्याला रंगातले बारकावे कमी कळतात, त्यामुळे फोटोत हे खपून जातं. तुमच्या बसची कड मुख्यतः रंगामुळेच उठून दिसते, म्हणून ती पहिली बिघडते. क्रितात जेपेग एक्स्पोर्ट करताना सबसॅम्पलिंगचा, म्हणजे रंगाची माहिती किती कमी करायची त्याचा, पर्याय येतो. तिथे १×१ निवडा, म्हणजे प्रत्येक पिक्सेलला त्याचा रंग.

तरी सपाट रंगांना पीएनजीच बरं. काही गमावत नाही आणि असल्या चित्राची फाइलही आटोपशीर होते. मरीन ड्राइव्हचं पीएनजी करून बघा, अवाढव्य होईल. वेबसाठी त्याला जेपेग ९० पुष्कळ झालं.

गल्लीतला_टीकाकार :
किती कीस पाडाल! जेपेग १०० वर ठेवा आणि सगळीकडे तेच द्या. भिंग घेऊन कोण बघतंय?

परळचा_पेंटर :
भिंग कशाला, त्यांना नुसत्या डोळ्यांनी दिसलंय. आणि क्रितात क्वालिटी आणि सबसॅम्पलिंग वेगवेगळं असतं. १०० केल्याने १×१ होत नाही.

शाई_आणि_कागद :
ऑफसेट छपाईच्या धंद्यात आहे म्हणून सांगतो, छापखाना आणि फोर्टवाला दोघंही बरोबर बोलतायत. अंक ऑफसेटवर चार शायांत छापणार, आणि पीएनजीत सीएमवायके, म्हणजे या चार शायांच्या हिशोबातले रंग, बसतच नाहीत. म्हणून टिफ. फोर्टवाला इंकजेटवर आर्ट प्रिंट काढत असणार. त्या मंडळींना बहुतेक वेळा आरजीबीच (पडद्यावरचे लाल-हिरवा-निळा रंग) हवं असतं, तिथे पीएनजी बिनधास्त द्या.

छापखान्याकडून त्यांचं कलर प्रोफाइल (त्यांच्या शाई-कागदावर रंग कसे उतरतात ते सांगणारी फाइल) मागून घ्या. मग चित्राची वेगळी प्रत करून ती सीएमवायकेत बदला, लेयर एकत्र करा आणि एलझेडडब्ल्यू कॉम्प्रेशन (काही न गमावता फाइल लहान करणारं) लावून टिफ सेव्ह करा. कॉम्प्रेशनशिवाय ए३ची आरजीबी फाइल ५२ एमबी होते, सीएमवायके ७०च्या घरात. पान भरून छापणार आहेत, तर कापणीसाठी चारी बाजूंनी साधारण ३ मिमी जास्तीचं चित्र लागेल, तेही विचारून घ्या. व्हॉट्सॅपवर पाठवणार असाल तर डॉक्युमेंट म्हणूनच. फोटो म्हणून पाठवलंत तर तिकडे लहानसं जेपेग पोचेल.

लाल ठीक येईल. झगझगीत निळे-हिरवे मात्र मळतील. तो शाईचा दोष, फॉरमॅट बदलून जाणार नाही.

काळी_शाई :
१×१ केलं, कडा स्वच्छ झाल्या! इन्स्टाचं काम झालं. प्रोफाइलही मिळालं. पण हॉटेलच्या निऑन पाटीचा हिरवा सीएमवायकेत अगदी शेवाळी दिसतोय. तो मूळ चित्रातच बदलू का?

शाई_आणि_कागद :
नको. मूळ आरजीबीच राहू दे, फोर्टच्या प्रिंटला आणि इन्स्टाला तोच हिरवा लागेल. सीएमवायके प्रतीत पाटीच्या आजूबाजूचा अंधार थोडा गडद करा, म्हणजे पाटी उजळ वाटेल. काळ्यात मात्र चारही शाया १००-१०० टक्के ओतू नका, कागद वाळत नाही. शाईची एकूण मर्यादा किती ते छापखान्यालाच विचारा, आणि छपाईआधी कागदावरचं प्रूफ (छापील नमुना) मागा.