तेर म्हणजे फक्त गोरोबाकाका?

धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावाबद्दल एकांनी लिहिलंय, 'तेरला गोरोबाकाकांचं दर्शन घेतलं की अर्ध्या तासात मोकळं.' तसं नाही हो. तेरणा नदीकाठचं गोरोबाकाकांचं, म्हणजे संत गोरा कुंभारांचं, समाधी मंदिर आधी कराच, पण गर्दी नको असेल तर चैत्र वद्यातली यात्रा टाळून जा. मग त्रिविक्रम मंदिर गाठा. मागून पाहिलं की छत हत्तीच्या पाठीसारखं गोलावलेलं दिसतं. मूळची ही विटांची चैत्यवास्तू, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृह, पुढचा मंडप नंतरचा. इथल्या जुन्या विटा पाण्यावर तरंगतात, कारण त्या सच्छिद्र आणि हलक्या आहेत.

हेच तेर म्हणजे सातवाहनकाळातलं 'तगर'. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात ते पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर सांगितलंय. तिथलं कापड बैलगाड्यांनी भडोच बंदराकडे जाई. रोमशी व्यापार होता, त्याच्या खुणा रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात बघायला मिळतात. तिथे घाई करू नका.

तेरचा कारभार कुठून चालतो असंही एकांनी विचारलं होतं, तर धाराशिव तालुका आणि जिल्हा, गावात ग्रामपंचायत. 1948 पर्यंत निजामाचं राज्य होतं. एवढा इतिहास असूनही पाहुण्यांना वाट दाखवणारे फलक जरा कमीच वाटतात, हे माझं मत.